शमुवेल ओहोळांचे वारस

सापगाव, ता. शहापूर
१९ जून २००६

रेव्ह. देवदान भाऊजी यांस ख्रिस्ताच्या नावात सलाम.

तुमचं पत्र शनिवारी आलं. आत टाइप केलेला कागदही होता. तो वाचता वाचता गॅसवरची भाजी करपली आणि मला वासही आला नाही. शेजारच्या कमळाबाईंनी धावत येऊन गॅस बंद केला.

कागदावर लिहिलं आहे की मी, सगुणा शमुवेल ओहोळ, सत्य लिहून देते की माझे पती निःसंतान मयत झाले आणि मी व त्यांचे थोरले बंधू यांखेरीज त्यांना कोणी वारस नाही. खाली मी सही कुठे करायची तिथे तुम्ही पेन्सिलीने फुली मारून ठेवली आहे. मी उभा जन्म मुरबाडला सरकारी नर्स म्हणून काढला, भाऊजी. सही कुठे करायची ते मला कळतं.

निःसंतान. मग आजारपणात ज्या मुलीने तुमच्या भावाला घास भरवला ती कोण? दफनाला पहिली मूठमाती जिच्या हातून पडली ती कोण? तुम्ही स्वतः तिचा हात धरून तिला कबरीच्या कडेला आणलं होतं आणि म्हणाला होतात, 'टाक बेटा, तुझ्या पप्पांना.' हे सगळ्या मंडळीने ऐकलं आहे. त्याला अजून दीड वर्ष झालेलं नाही.

तुम्ही लिहिता की ही मागणी स्वतःसाठी नाही, प्रभूच्या कार्यासाठी आहे. ह्या घराच्या जागेवर तुम्हाला 'शमुवेल स्मृती बालिकाश्रम' उभा करायचा आहे. हायवे जवळ, परदेशी पाहुण्यांना मुंबईहून येणं सोपं, भातसा नदीचं पाणी हाताशी. अर्धी जागा कायद्याने तुमची, आणि माझी अर्धी मी आपखुशीने देईनच अशी तुम्हाला खात्री आहे. मला आश्रमात मेट्रनची खोली. आणि शेवटी तुम्ही लिहिलं आहे, 'रेश्माची चिंता करू नकोस. तिलाही तिथेच मदतनीस म्हणून ठेवून घेऊ, राहण्याजेवणाची सोय होईल.'

हे वाक्य मी मोठ्याने वाचून पाहिलं. एका अनाथ मुलीला तिच्या घरातून काढायचं, त्या घरात अनाथाश्रम घालायचा, आणि मग तिलाच तिथे भांडी घासायला ठेवायचं. भाऊजी, हे तुम्ही लिहिलंत तेव्हा तुमचा हात कुठेच अडला नाही?

मी सही करणार नाही. रेश्माला यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तिची बारावी झाली आहे, नर्सिंगला अर्ज भरला आहे, तिच्या डोक्याला हा घोर नको.

तुमची भावजय,
सगुणा


सापगाव
१० जुलै २००६

भाऊजी यांस सलाम.

तुमचं उत्तर मिळालं. तुम्ही म्हणता, 'मी रागावलो नाही, तू शांतपणे विचार कर. कायदा मी केलेला नाही. तुम्ही दोघं तिचे पालक होता, आईबाप नव्हता. कोर्टाने दिलेलं पालकत्व मुलगी अठराची झाली तेव्हाच संपलं. दत्तक तुम्ही घेतलंच नव्हतं.'

घेतलंच नव्हतं. बरं. मग का घेतलं नव्हतं ते आता तुम्हाला सांगावं लागेल, कारण तुम्ही विसरलात किंवा विसरल्यासारखं करता आहात.

मुरबाडच्या हंगामाच्या सणापासून सुरुवात करते. रेश्मा तेव्हा दोनेक महिन्यांची होती. तुम्ही तिथल्या आश्रमाचे व्यवस्थापक आणि मंडळीचे पाळक, दोन्ही होतात. भातं झोडून झाली होती. लोकांनी वेदीपुढे आणून ठेवलेलं नवं भात, भोपळे, काकड्या, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या यांचा उपासनेनंतर नेहमीप्रमाणे लिलाव चालला होता. मी एक तांबडी कोंबडी घेतली होती आणि ती माझ्या काखेत फडफडत होती. तेवढ्यात तुम्ही आश्रमाच्या काशीबाईंकडून ते तान्हं लेकरू घेतलं, वर धरलं आणि म्हणालात, 'कोंबडीला एवढी चढाओढ करता, मग या लेकरासाठी एकाचाही हात वर होऊ नये? आज प्रभू तुमच्यापैकी कोणाला तरी बोलावतो आहे.'

आणि ह्यांनी हात वर केला. मला विचारलं नाही, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी कोंबडी घेऊन उभी. तुम्ही ओट्यावरून उतरलात, लेकरू ह्यांच्या हातात दिलंत, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीत, आणि बायका रडायला लागल्या. तुम्ही तेव्हापासून किती ठिकाणी ही साक्ष सांगितलीत. नगरला सांगितलीत, पुण्याला सांगितलीत, परदेशी पाहुण्यांपुढे इंग्रजीत सांगितलीत. फक्त कोंबडी गाळून सांगता.

मला त्या रात्री ह्यांचा राग आला होता. पण पाचारण म्हणजे काय ते मला त्या लेकराचे लंगोट धुताना कळलं, तुमच्या उपदेशातून नव्हे. मला मूल होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी देवाशी धड बोलत नव्हते. ती आली आणि मी पुन्हा बोलायला लागले.

मग आम्ही कल्याणला वकिलाकडे गेलो. त्याने सांगितलं की दत्तकाचा कायदा हिंदूंना आहे, तुम्हा ख्रिस्ती लोकांना नाही. तुम्ही फार तर पालक होऊ शकता, तेही ती सज्ञान होईपर्यंत. मग तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, 'पण तुमचं आडनाव ओहोळ आहे. शमुवेलच्या जागी शामराव लिहा, धर्म हिंदू लिहा, मुलगी कायमची तुमची. बरेच जण तसंच करतात.'

मी तिथेच हो म्हणणार होते. खरं सांगते, मी पेन घ्यायला हात पुढे केला होता. मला मुलगी हवी होती, आणि रकान्यात काय लिहिलं आहे ते देव वाचत बसत नाही असं मला वाटत होतं. पण हे म्हणाले, दादाला विचारू.

दादाला विचारलं. तुम्ही आम्हा दोघांना गुडघ्यावर बसवलंत. 'कागदावर नाकारलं म्हणजे प्रभूला नाकारलं,' म्हणालात. 'मुलगी देवाने तुमच्या हातात दिली आहे. देव तिला तुमची म्हणून ओळखतो, तुम्हाला सरकारचा कागद कशाला?' आणि तुमच्या भावाने तुमचं ऐकलं. आम्ही ठाण्याच्या कोर्टातून पालकत्व घेतलं आणि घरी आलो. मी आठवडाभर ह्यांच्याशी बोलले नाही, पण नंतर मलाही वाटायला लागलं की बरोबरच केलं.

आता तुम्ही मला लिहिता की कागदावर ती आमची नाही. भाऊजी, तेव्हा कागद कशाला होता आणि आता कागदच कसा सगळं झाला? मी तुमच्याकडून याचं उत्तर मागते आहे. आशीर्वाद नको, उत्तर पाहिजे.

सगुणा


सापगाव
३ ऑगस्ट २००६

भाऊजी,

उत्तराऐवजी तुम्ही विपुलला पाठवलंत.

तो सकाळी मोटारसायकलवरून आला, भिजलेला. मी त्याला टॉवेल दिला, कोरडा शर्ट दिला, ह्यांचा. मुलगा वाईट नाही तुमचा. ओसरीवर बसला आणि म्हणाला, 'काकी, पप्पांचं वय झालंय, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. ही नुसती फॉर्मॅलिटी आहे. निःसंतान हा कायद्याचा शब्द आहे.'

मी त्याला डोळ्यांनी गप्प बस म्हणून खुणावत होते, कारण मागे रेश्मा चहा घेऊन उभी होती. त्याला खूण कळली नाही. तिने चहा त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं, 'साखर कमी नाही ना झाली, दादा?' तो नाही म्हणाला. मग ती म्हणाली, 'फॉर्मॅलिटीच असेल तर एक मुलगी असं लिहायला काय हरकत आहे?'

विपुल कप अर्धा ठेवून गेला.

तो गेल्यावर तिने तुमची दोन्ही पत्रं मागितली. मी दिली. लपवून आता काय मिळणार होतं? ती आम्ही जन्म दिलेली नाही हे तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. मुरबाडचा सण, ते लेकरू वर धरणं, तिच्या पप्पांनी हात वर करणं, हे तिला गोष्ट म्हणून आम्हीच सांगायचो, आणि ती कोंबडीचा भाग दोनदा सांगायला लावायची. 'मदतनीस' या वाक्याशी ती थांबली. पत्राची घडी घातली, उठली आणि विपुलचा ओला शर्ट दोरीवर वाळत घातला. मग मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. एवढं झालं तरी ती तुम्हाला अजून मोठे पप्पाच म्हणते आहे, हे तुमच्या कानावर असू द्या.

आता विपुलचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. विपुलला इंजिनिअरिंगला प्रवेश कसा मिळाला ते तुमच्या नगरला कोणाला ठाऊक नाही? सरकारी नोकरी जातीच्या कोणत्या दाखल्यावर लागली? त्याच्या दाखल्यावर धर्म कोणता लिहिला आहे, भाऊजी? त्याला तुम्ही गुडघ्यावर बसवलं होतंत का? तेव्हा कागदावर नाकारलेला प्रभू तुम्हाला दिसला नाही?

मी हे कोणाला सांगणार नाही. त्या मुलाच्या पोटावर पाय देणारी मी नव्हे, आणि आपल्या लोकांना असे दाखले का काढावे लागतात तेही मला समजतं. आपले आजे-पणजे ज्या वेशीबाहेर राहत होते तिथेच बाप्तिस्म्यानंतरही राहिले, आणि सवलत तेवढी गेली. विपुलने केलं त्याचा मला राग नाही. राग तुमचा आहे. तुमच्या मुलासाठी जो कागद चालला तो माझ्या मुलीसाठी पाप होता. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण आम्ही शाळेत शिकलो, तुम्ही ती पुलपिटावरून पाळलीत.

विपुलचा शर्ट वाळला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते.

सगुणा


सापगाव
२२ सप्टेंबर २००६

रेव्ह. देवदान ओहोळ यांस सलाम.

तुम्ही वारसनोंदीचा अर्ज टाकलात, त्याची नोटीस मला मिळाली. मंगळवारी तलाठी चौकशीला आले होते. तुम्हालाही बोलावणं होतं, पण तब्येतीमुळे येता येत नसल्याचं तुम्ही कळवलंत. म्हणून तिथे काय झालं ते सगळं लिहिते, नाहीतर तुमच्यापर्यंत फक्त निकाल पोहोचेल.

चौकशी आमच्याच अंगणात झाली. शेजारचे धाऊ आणि कमळाबाई पंच म्हणून बसले होते, आणखी पाच-सहा माणसं आपली आपण येऊन बसली. तुमच्या भावाला इथे शमुवेल म्हणून कोणी हाक मारली नाही. कसाऱ्याला घाट चढणाऱ्या रेल्वेगाड्यांना मागून इंजिन जोडणारा शामूभाऊ, एवढीच त्याची ओळख.

तलाठ्यांनी विचारलं, 'मयताला मुलं किती?'

धाऊ म्हणाले, 'येक पोरगी. ही काय, समोर उबी हाय.'

'पोटची का?'

'आता आमी काय पोटात डोकावलो, रावसाहेब? ती रांगाया लागली ती आमच्या अंगनात. शामूभाऊ ड्युटीवरनं येयाचा आन तिला खांद्यावर घेऊन नदीवर नेयाचा. पोरगी नाय तर कोन ती?'

कमळाबाई म्हणाल्या, 'तिला गोवर निगाला तवा ह्यो बापय आट दिस कामाला गेला नाय. सोताच्या पोरालाबी कोन येवडा करत नाय.'

तलाठी तरुण आहेत, सभ्य आहेत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाले, 'बाई, मला सगळं कळतंय. पण तुमच्या लोकांना कायदा वेगळा लागतो. दत्तकाचा कागद नाही. मृत्युपत्र नाही. अर्धं तुमचं, अर्धं दिरांचं. तुम्ही हिंदू असता आणि दत्तक नोंदवलं असतं तर आज काहीच प्रश्न नव्हता.'

यावर धाऊ बाकावरून उठले. 'मंग हिंदू लिवा ना. कोन इचारतंय? शामूभाऊ आमच्यातलाच व्हता, होळीला आमच्या संगती लाकडं आनाया येयाचा. शामराव म्हनून लिवा, पोरगीला लहानपनीच दत्तक घेतली म्हनून लिवा. आमी सगळी जना सह्या देतो. गाव सांगंल तेच खरा.'

आणि सगळे हो म्हणाले, भाऊजी. जी कधी चर्चची पायरी चढली नाहीत ती माणसं एका ख्रिस्ती मुलीसाठी खोटी शपथ घ्यायला तयार होती. तलाठी दुसरीकडे बघायला लागले. मला समजलं, ते लिहितील. मी जरा जोर केला तर लिहितील.

माझ्या मनात काय होतं ते सांगते. मी लिहा म्हणणार होते. अठरा वर्षांपूर्वी जो हात मी मागे घेतला तो पुन्हा पुढे करणार होते, आणि या खेपेला विचारायला कोणी दादा नव्हता.

रेश्मा म्हणाली, 'नको, धाऊकाका.'

'का गो? तुजंच घर हाय ना?'

'पप्पांनी एकदा ते लिहायला नाही म्हटलंय. माझ्यासाठीच विचारलं होतं त्यांना, तरी नाही म्हटलं. आता ते गेल्यावर मी त्यांना शामराव करू का? अर्धं घर जाऊ दे.'

धाऊ खाली बसले. 'बापावर गेली हाय,' एवढंच म्हणाले.

तुम्हाला हे कसं वाटतं मला ठाऊक नाही. तुमच्या भावाने पगारातून हे घर बांधलं. ते कोणाला किती द्यायचं याची कायद्याची पुस्तकं तुमच्याकडे आहेत. पण प्रभूला नाकारायचं नाही हे जे तुम्ही त्याच्या गळ्यात घातलंत, ते त्याच्यामागे कोणी उचललं ते पाहा. विपुलने उचललं नाही, मी उचललं नाही, तुम्हीही नाही.

आता कामाचं बोलते. तलाठ्यांनी पंचांचा जबाब जसाच्या तसा घेतला आहे. त्यांनी लिहिलं आहे: 'मयतास एक मुलगी, नाव रेश्मा, लहानपणापासून मुलगी म्हणून वाढवली. कायद्याने हिस्सा नाही.' त्याखाली पंचांच्या सह्या आहेत, माझी आहे. एक जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे. तुम्ही तिथे सही केलीत की वारस म्हणून तुमचं नाव लागेल, आणि मी कुठलीही हरकत घेणार नाही. कोर्ट नाही, वकील नाही. पुढच्या दोन खोल्या आणि विहिरीकडची बाजू तुमची. मी भिंत घालून घेईन.

माझी अर्धी मात्र आश्रमाला मिळणार नाही. ती माझ्यामागे रेश्माची.

एवढंच मागते आहे, भाऊजी. तिला हिस्सा देऊ नका. ती तुमच्या भावाची मुलगी आहे एवढं सही करून कबूल करा, आणि अर्धं घर घेऊन जा. नक्कल सोबत जोडली आहे. पेन्सिलीची फुली मारलेली नाही.

सगुणा


सापगाव
३० ऑक्टोबर २००६

भाऊजी,

महिना उलटला. टपालात काही गहाळ झालं असेल तर कळवा, दुसरी नक्कल पाठवते.

पेपरात आलं आहे की आता कायदा बदलला, कोणत्याही धर्माच्या माणसाला अनाथ मूल दत्तक घेता येईल. मी कात्रण घेऊन शहापूरच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, मूल केवढं आहे. मी म्हटलं, माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्या हसल्या आणि मग त्यांना वाईट वाटलं. सज्ञान माणसाला तो कायदा लागत नाही. म्हणजे आम्ही पुन्हा चुकीच्या वर्षी जन्मलो.

रेश्माचा नर्सिंगचा नंबर लागला. तिला हॉस्टेलला सोडून आले. फॉर्मवर वडिलांचं नाव विचारलं होतं. तिने शमुवेल देवराम ओहोळ असं लिहिलं, आणि कारकुनाने त्यावर काही विचारलं नाही.

तुमच्या सहीची वाट पाहते.

सगुणा


सापगाव
१८ डिसेंबर २००६

रेव्ह. देवदान ओहोळ यांस,

तुमचं जाड पाकीट मिळालं. मला वाटलं सही करून पाठवली.

ते हक्कसोडपत्र निघालं. 'विश्वस्तांशी विचारविनिमय करून आणि प्रार्थनापूर्वक' तुम्ही तुमचा अर्धा हिस्सा भावजय सगुणा हिच्या लाभात कायमचा सोडला आहे. आश्रम आता इगतपुरीच्या बाजूला होणार. पानोपानी तुमची सही आहे, सुवाच्य, पूर्ण नावासकट. सोबतच्या पत्रात लिहिलं आहे की पैशापाण्यावरून घरात कटुता नको, प्रभू मला आशीर्वादित करो.

आणि जबाबाची नक्कल परत आली आहे. मी पाठवली होती तशीच. तुमची जागा कोरी.

कमळाबाईंना सांगितलं तेव्हा त्या साखर घेऊन आल्या. 'घर वाचला गो बाय, तोंड गोड कर,' म्हणाल्या. मी साखर तोंडात टाकली. मुरबाडच्या मंडळीतही बातमी पोहोचली आहे. गेल्या रविवारी उपासनेत तुमच्या त्यागाबद्दल उपकारस्तुती झाली. विधवा भावजयीसाठी हक्क सोडणारा पाळक, म्हणून लोकांनी डोळे पुसले. मी पुढच्या बाकावर बसले होते. उठून जावंसं वाटलं, पण गेले नाही, कारण मग लोकांनी मलाच कृतघ्न म्हटलं असतं.

रेश्मा नाताळच्या सुट्टीला घरी आली आहे. पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं, 'मोठ्या पप्पांनी सही केली?'

मी म्हटलं, 'घर सगळं आपल्याला सोडलं त्यांनी.'

ती म्हणाली, 'ते नाही विचारलं, मम्मी.'

मग मी तिला कोरी जागा दाखवली. तिने कागद घेतला, खिडकीजवळ नेऊन पाहिला, जणू फिकट शाईत काही असेल. ती रडली नाही. 'मोठे पप्पा' हा शब्द मात्र ती त्यानंतर बोललेली नाही. काल तुमचा विषय निघाला तेव्हा 'नगरचे रेव्हरंड' म्हणाली.

घर नको होतं असं खोटं मी बोलणार नाही. हवं होतं. पण त्याचा अर्धा भाग मी तुम्हाला देऊ केला होता, सुखाने. त्या बदल्यात तुम्ही द्यायची होती ती एक सही. तुम्ही अर्धं घर सोडलंत, नदीजवळची जागा सोडलीत, परदेशी पाहुण्यांना दाखवायची कोनशिला सोडलीत, आणि हे सगळं सोडणं तुम्हाला त्या एका सहीपेक्षा सोपं गेलं. ती तुमच्या भावाची मुलगी आहे असं कबूल केलंत तर आम्हाला गुडघ्यावर बसवून तुम्ही तिचं काय काढून घेतलंत तेही कबूल करावं लागेल, म्हणून. मला दुसरं कारण सापडत नाही. सापडलं असतं तर मी तुमचा एवढा राग केला नसता.

तुम्ही पुन्हा ती साक्ष सांगाल. इगतपुरीला पाया घालताना तर नक्की सांगाल, की मी एक लेकरू वर धरलं आणि माझ्या सख्ख्या भावाने हात वर केला. सांगा. पण ऐकणाऱ्यांपैकी कोणी विचारलं की त्या लेकराचं पुढे काय झालं, तर काय सांगणार आहात?

हक्कसोडपत्र मी परत पाठवत नाही. एवढी मी साधू नाही. ते नोंदवून घेईन आणि घर रेश्माच्या नावे करीन. त्या कागदावर तिचं माझ्याशी नातं काय ते लिहायचा रकाना आहे, आणि तो मी माझ्या हाताने भरणार आहे.

जबाबाची नक्कल मात्र पुन्हा तुम्हाला पाठवते आहे. आता तुम्हाला त्यातून काही मिळायचं नाही, घर गेलं, जागा गेली. सही केलीत तर ती फुकट करावी लागेल. पत्र लिहू नका, आशीर्वाद पाठवू नका, विपुललाही पाठवू नका. रेश्मा सहा तारखेपर्यंत घरी आहे. तुम्ही स्वतः या आणि तिच्यासमोर सही करा.

कायद्याने तुमची भावजय,
सगुणा शमुवेल ओहोळ